काटा थांबेपर्यंत

ओरुरोच्या बाजारात सतरा वर्षं
मी तराजू तपासते.
निळ्या पेटीत पितळेची वजनं, मखमलीच्या खोबणीत,
एक शिक्का, एक शिसपेन्सिल.
माझी टोपी लांबून दिसली
की पारड्यांवरचे अंगठे गुपचूप उठतात.

आता बाजारच नाही.
एकाहत्तर दिवस.
ओळखपत्राचा शेवटचा आकडा पाहून
माणूस गल्लीत सोडतात:
सोमवारी एक-दोन, मंगळवारी तीन-चार.
माझा सात, म्हणजे मी गुरुवारची.
बहिणीचा शून्य, ती शुक्रवारची.
आमच्यामध्ये चार गल्ल्या
आणि मार्चपासून एकही भेट नाही.

शाळेच्या व्यायामशाळेत बैठक.
व्हॉलीबॉलच्या जाळीअल्याड-पल्याड खुर्च्या.
डॉक्टर साल्वातिएर्रा म्हणतात, आणखी तीन आठवडे.
इस्पितळात सिलिंडर एकोणीस,
आणि या उंचीवर धडधाकट माणसालाही
श्वास उधारीवरच मिळतो.

फ्लोरेन्सिया काल्ये, विक्रेत्या बायकांची,
पिशवीतून एक पांढरं फडकं काढते,
घडी न मोडता टेबलावर ठेवते.
दारावर पांढरं फडकं, म्हणजे घरात चूल नाही.
तिच्या गल्लीत अशी अकरा दारं.
"तीन आठवडे," ती म्हणते,
"तुमच्या पगाराचे, की आमच्या पोटाचे?"

महापौर माझ्याकडे वळले.
तोलणं तुमचं काम. तोला.

कशात तोलू?
बटाट्यासमोर पितळ चालतं,
कारण जमीन दोघांना सारखीच ओढते.
इथे एकीकडे सिलिंडर,
दुसरीकडे फडकी,
आणि दांडी टांगायला खिळा नाही.

मग त्यांनी सोपं काम दिलं:
निदान जागा मापून द्या.
मी टेप घेतली, खडू घेतला,
रिकाम्या बाजारात दिवसभर रांगले.
एकूण गाळे चारशे बारा.
दोन-दोन मीटर सोडले तर बसतात शहाण्णव.

आकडा सांगितला
आणि "कधी"वरून भांडणारे सगळे
"कोण"वर येऊन गप्प झाले.

कोण?
ज्यांचा माल नासतो त्या आधी, असं कोणी सुचवलं.
म्हणजे चुन्योवाली शेवटी.
चुन्यो हा बटाटाच: हिवात गोठवलेला,
पायांनी तुडवलेला, उन्हात वाळवलेला,
वर्षानुवर्षं टिकतो.
विकणारी टिकत नाही.

चार दिवसांच्या चार पाळ्या केल्या.
तरी अठ्ठावीस जणी उरल्या,
भागाकारात बाकी उरते तशा.
त्यांची नावं कागदाच्या तळाशी,
जिथे आपण हिशेबाची आकडेमोड खोडतो.

यादी लिहिताना एकतिसाव्या गाळ्यापाशी
माझी पेन्सिल रेंगाळली.
एकतीस, माझी बहीण.
तेव्हा पारड्यावर अंगठा दिसला,
नखात खडू भरलेला.
मी तो उचलला.
खरं सांगायचं तर दोनदा उचलावा लागला.

शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, माझ्याच टोपीत.
बहिणीची निघाली, पहिल्याच पाळीत.
कोणी काही बोललं नाही.
तेवढ्यात सगळं बोलून झालं.
फ्लोरेन्सियाची चिठ्ठी टोपीतच राहिली;
तिनं फडकं उचललं, पिशवीत ठेवलं,
आणि चेन लावायला तिला फार वेळ लागला.

पहाटे सहा. डोंगरावरून कोरडा वारा.
खडूच्या रेषा अर्ध्या पुसलेल्या,
बायका त्यांच्या आठवणीवर उभ्या.
डॉक्टरांचा निरोप आलाय:
सिलिंडर आता सतरा.
पहिला तराजू. रिकामं पारडं.
आमच्या खात्याचा नियम जुना आहे,
काटा थांबेपर्यंत शिक्का मारू नये.

काटा हलतो आहे.
वारा असेल. माझा हात असेल.
दोन मीटरवर एक म्हातारा,
हातात रिकामी जाळीची पिशवी,
मास्कमागे त्याचा श्वास आत-बाहेर,
मी तो मोजते आहे हे त्याला ठाऊक नाही.

मी शिक्का मारला.
तारीख मात्र पेन्सिलनं लिहिली.